पत्र्याची आपा

माझ्या पोटात दुखतं, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. लपवायचं कशाला? ही सवत हाडामांसाची असती तर झिंज्या धरून भांडले असते. पण ती राहते लॅपटॉपात. ना डोक्याला रुमाल, ना चेहरा, ना घरदार. भांडायला गेलं तर समोर काळी पाटी. पोरांनी तिचं नाव ठेवलं पत्र्याची आपा. आवाज पत्र्यावर चमचा आपटल्यासारखा, म्हणून पत्र्याची. आणि आपा का? कारण वर्गात वाचून दाखवणारी म्हणजे आपा, हे त्यांना माझ्यामुळे माहीत! माझं नावसुद्धा त्या मेलीने पळवलं.

सेझिम माझ्या धाकट्या भावाची पोर. जन्मापासून दिसत नाही तिला. भाऊ-भावजय रशियात बांधकामावर गेले तेव्हा ती माझ्या गुडघ्याएवढी होती. माझ्याकडे ठेवून गेले. मला ना मूल ना बाळ, नवरा केव्हाच गेलेला. म्हटलं, ये गं बाई. शाळेची वेळ आली तेव्हा अख्खं गाव म्हणालं, राजधानीत, बिश्केकला, अशा मुलांसाठी निवासी शाळा आहे, पाठवून दे, चांगली आहे. मी म्हटलं, पाठवते की, आधी माझे हातपाय तोडा. आणि तिच्याबरोबर मीच पहिलीत जाऊन बसले. खिडकीजवळचा बाक, त्याच्या शेजारी लाकडी खुर्ची. ती खुर्ची माझी.

फळ्यावर जे येईल ते मी तिच्या कानात वाचायचे. ठिपक्यांची पुस्तकं चार-दोन मिळाली, ती तिने झिजवली. बाकी सगळं माझ्या तोंडून. नकाशा, चित्र, कोण नाकात बोट घालून बसलंय तेसुद्धा. मध्येच म्हणायचे, "सरळ बस, पोक येईल." ती सरळ बसायची, आणि तिच्याबरोबर अर्धा वर्ग. वाचून झालं की हात पसरून छोटी दुवा द्यायचे. मोठ्या माणसाने दुवा दिल्याशिवाय उठायचं, ही आमची रीत नव्हे.

सहावीपर्यंत हे असं चाललं. मग नारीन शहराहून जिबेक आली.

जिबेक म्हणजे निसर्गशास्त्राची नवी बाई. काडीसारखी बारीक, बोलायला गोड, आणि काखेत लॅपटॉप. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "आपा, एक मोफतचं सॉफ्टवेअर आहे. पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवतं. किर्गिझमध्येसुद्धा. सेझिमला आवडेल."

"तिला आहे वाचणारी," मी म्हटलं.

"तुम्हाला जरा विसावा मिळेल."

"मी थकले असं सांगितलं का तुला?"

ती बिचारी लाल झाली. पण दुसऱ्या दिवशी सेझिमच्या कानात वायर घातलीच. आणि पोरीचा चेहरा असा उजळला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला नवे बूट घेऊन दिले तेव्हासुद्धा अशी हसली नव्हती.

आठवड्याभरात सेझिमने त्या पत्र्याच्या बाईचा वेग वाढवला. इतका, की मला फक्त पत्र्यावर गारा पडल्यासारखं ऐकू यायचं. मी म्हटलं, "हे काय कळतं तुला?" तर म्हणे, "सगळं कळतं, आपा. तू हळू वाचतेस."

हळू! एवढ्या वेगाने वाचलं तर माझी कवळी पोरांच्या अंगावर जाऊन पडेल.

घरीही तेच. मी चुलीत गोवऱ्या सारतेय, चहा ओततेय, शेजारणीच्या गायीला जुळं झाल्याचं सांगतेय, आणि ही एका कानात वायर घालून बसलेली. मी वायर ओढून काढली.

"जेवताना तरी त्या भवानीला बाहेर ठेव."

"आपा, मी फक्त परत ऐकत होते. हिमनदीचं."

"मला विचार की. मी सांगते."

तिने बोरसोकचा तळलेला तुकडा चहात बुडवला, खाल्ला. मग म्हणाली, "तिला तिसऱ्यांदा विचारलं तरी ती वैतागत नाही."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. वैतागते मी, मग? माणूस आहे. तिसऱ्यांदा विचारलं की कोण वैतागत नाही? मी भांडी इतक्या जोरात घासली की एका कपाचा कान तुटला.

मग एक दिवस बेकबोसूनने बोलावलं. तो आता शाळेचा डायरेक्टर आहे, पण लहानपणी माझ्या मागच्या बाकावर बाहीला नाक पुसत बसायचा, म्हणून मी त्याला अरे-तुरेच करते आणि तो मला एजे म्हणतो, म्हणजे थोरली बहीण. त्याच्या खोलीत जिबेकही होती. दोघांचे चेहरे पाहिले तेव्हाच कळलं, काहीतरी वाईट आहे.

"बुरुल एजे, बसा," तो म्हणाला. "पुढल्या वर्षापासून सेझिम वरच्या वर्गांत जाणार. जिल्ह्याचं म्हणणं असं की वरच्या वर्गांत शेजारी मदतनीस बसवून शिकलेलं चालणार नाही. घरातलं माणूस शेजारी असलं की उत्तर मुलीचं की माणसाचं, ते कळत नाही म्हणतात."

"म्हणजे मी उत्तरं सांगते?"

"मी कुठे म्हणतोय? ते म्हणतात."

"त्यांना इकडे आण, मी बघते."

"येणारच आहेत. जिबेकचा खुला तास बघायला." तो टेबलावरचा कागद उगाच सरळ करत राहिला. "तुम्ही शेजारी नसताना पोरीला तास झेपला, तर ती इथेच राहील. नाही झेपला, तर बिश्केकची निवासी शाळा. तिथे सगळी सोय आहे, एजे. वाईट काही नाही."

वाईट काही नाही! त्याची पोरं रोज रात्री त्याच्याच घरी झोपतात.

मी घरी आले आणि गाईच्या गोठ्यात उभी राहून रडले. कारण हिशोब सरळ होता. ती पत्र्याची भवानी हरली, तर सेझिम बिश्केकला जाणार. जिंकली, तर माझी खुर्ची जाणार. दोन्हीकडून मीच मार खाणार होते. आणि वर मला देवाकडे मागायचं होतं की बाबा, त्या सवतीला जिंकव.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिबेक दारात. हातात कुरुतची, सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी, म्हणजे काहीतरी मागायला आली होती.

"आपा, अडचण आहे," ती म्हणाली. "सॉफ्टवेअर अक्षरं वाचतं. चित्र आलं की नुसतं 'चित्र' म्हणतं आणि गप्प होतं. चित्राच्या मागे कोणीतरी वर्णन लिहून ठेवायला लागतं, मग ते वाचतं."

"मग लिही. शिकलेली आहेस."

"लिहिलं मी. सेझिम म्हणाली, याने काही दिसत नाही." जिबेकने मान खाली घातली. "म्हणाली, आपा सांगते तेव्हा दिसतं."

असं म्हणाली? मी चहा ओतायचं निमित्त करून पाठ फिरवली. हसू दिसायला नको होतं.

"म्हणजे माझी जीभ कापून त्या बाईच्या तोंडात बसवायची," मी म्हटलं.

"तसंच म्हणा."

"आणि मी काय करायचं? मागे बसून टाळ्या पिटायच्या?"

"टाळ्यासुद्धा नाहीत, आपा. हूं की चूं नाही. तुम्ही एक शब्द बोललात तरी ते म्हणतील, बघा, मदतनीस लागतेच."

मी तिला हाकलून द्यायला हवी होती. पण पोरगी जाईल या भीतीपुढे माझा जळफळाट थिटा पडला. जिबेकने फोन समोर धरला, एकेक चित्र दाखवत गेली, मी बोलत गेले. धडा होता पाण्याचा: हिमनदी, ओढा, पाट, तळं. मला कुठे ठाऊक वर्णन कसं लिहितात! मी सेझिम शेजारी असल्यासारखी बोलले. जिथे जीभ घसरायची तिथे घसरली. शेवटच्या चित्रानंतर सवयीने हात पसरून दुवाही दिली. तुझा रस्ता मोकळा असो, वगैरे.

"हे सगळं टंकणार आहेस?" मी विचारलं.

"तुमचं अक्षर न अक्षर."

खुला तास, म्हणजे पाहुण्यांसमोर शिकवायचा तास, आमच्याकडे लग्नापेक्षा कमी नसतो. खिडक्यांना नवे पडदे, पोरांचे केस पाण्याने चापून बसवलेले, बायका पहाटेपासून बोरसोक तळतायत. जिल्ह्याहून कुलुइपा नावाची बाई आली होती, जाडजूड, चष्मा साखळीला बांधलेला, आणि तिच्याबरोबर दोन गप्प पुरुष. मागे गावातले म्हातारे, आयाबाया, आणि अगदी शेवटच्या रांगेत मी. खिडकीजवळचा बाक मला मानांच्या मधून दिसत होता. सेझिम, आणि शेजारी माझी खुर्ची. रिकामी. तिच्यावर कोणीतरी लॅपटॉपचा भोंगा ठेवला होता. माझ्या खुर्चीवर, माझ्या बुडाच्या जागी! मी ओठ दाताखाली धरले.

पहिलं चित्र आलं. पत्र्याची बाई बोलू लागली:

"हिमनदी. म्हणजे नदी नव्हे, फसू नकोस. दोन डोंगरांच्या काखेत पसरलेलं जुनं बर्फ. वरून पांढरं, कडेला मळकं, तुझ्या हिवाळ्यातल्या टोपीसारखं, तीन वेळा सांगितलं तरी धुवायला देत नाहीस ती."

वर्ग खुदकन हसला. कुलुइपाने चष्मा नाकावर चढवला.

"खालच्या टोकाला निळी चीर आहे. तिथून पाणी गळतं. सरळ बस, पोक येईल."

आणि अख्खा वर्ग ताठ झाला. एकजात. मागचे दोन म्हातारेही. जिल्ह्याचा एक गप्प माणूससुद्धा खुर्चीत सरकून सरळ बसला, मी डोळ्यांनी पाहिलं. शब्द माझे, दरारा माझा, आणि श्रेय त्या भोंग्याचं. मला हसू येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं, की अरे मूर्खांनो, ते मी बोललेय!

सेझिम मात्र झकास चालली होती. जिबेकने प्रश्न विचारला, हिने हात वर केला. चीर निळी का दिसते, ओढ्याचं पाणी दुपारी का वाढतं, सगळं सांगितलं. माझ्याकडे एकदाही वळली नाही. वळणार कशी, मी मागे बसलेय हेच तिला ठाऊक नव्हतं. तरी वाटलं, वळावं. एकदा तरी अडखळावं. लगेच स्वतःच्या मांडीला चिमटा काढला. अडखळली तर बिश्केक, बये.

ओढा झाला, पाट झाला. मग पडद्यावर आणखी एक चित्र आलं. हे मी सांगितलेल्या चित्रांत नव्हतंच.

ते चित्र माझं होतं. झऱ्यावर मी आणि सेझिम, बादल्या भरताना. जिबेकने कधी काढला होता तो फोटो, कुणास ठाऊक. मला गोड धक्का द्यायला घातला असणार धड्यात, आणि मला विचारलं तर गुपित फुटेल म्हणून विचारलं नसणार. स्वतः लिहायचं मात्र विसरली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला त्यावरूनच कळलं.

"चित्र," पत्र्याची बाई म्हणाली. आणि गप्प झाली.

सेझिमने मान तिरकी केली, वाट पाहिली. काहीच नाही. कुलुइपाने पेन उचललं. आणि मग एकेक करून मागच्या रांगा माझ्याकडे वळल्या. आयाबाया, म्हातारे, बेकबोसून. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच: बोल की, बुरुल एजे.

हाच तो क्षण, ज्याची मी वाट बघत होते ना? सवत मुकी झाली होती. मी नुसतं तोंड उघडलं असतं तर त्या पोरीला सगळं लख्ख दिसलं असतं. जीभ टाळूवर येऊन बसली होती. देवाशपथ सांगते, बाळंतपणाच्या कळा मला माहीत नाहीत, पण त्या अशाच असाव्यात. मी रुमालाचं टोक तोंडात कोंबलं आणि जमिनीकडे बघत बसले.

सेझिम शेजारच्या बाजूला वळली. भोंग्याकडे नाही, पलीकडे. तिथे जारकिन बसते, मेंढपाळाची पोर, वर्गातली सगळ्यात वटवटी.

"ए जारकिन," सेझिम शांतपणे म्हणाली, "इथे चित्र आहे आणि लिहिलेलं नाही. काय आहे?"

जारकिनने जिबेककडे पाहिलं. जिबेकने मान डोलावली. आणि ती कार्टी बोलू लागली. काय सांगू, माझ्याच चालीत! तशीच थांबून, तशीच हेल काढून. पहिलीपासून ऐकत होती ना मला, फुकटात.

"झरा आहे. तुमच्या घरामागचा. दगड फुटून पाणी येतंय, कडेला बर्फ. त्यात फसू नकोस, वरून घट्ट दिसतंय, खालून पोकळ आहे. तू आहेस बादली धरून. पोक काढलंयस."

वर्ग फुटला हसून.

"आणि बुरुल आपा आहे."

"कशी दिसते?" सेझिमने विचारलं. हसणं थांबलं.

"कशी म्हणजे... रागावलेली. तोंड असं फुगलेलं." जारकिनने गाल फुगवून दाखवले, मग लक्षात आलं आणि म्हणाली, "भोपळ्यासारखं. वारा खूप आहे, तिचा रुमाल सगळा एका बाजूला उडालाय. पण तुझा नाही उडालेला. तिने एक हात तुझ्या कानाजवळ धरलाय. लावलेला नाही, नुसता धरलाय. वाऱ्याच्या बाजूला."

सेझिमने हळूच आपल्या कानाजवळ हात नेला. चाचपून पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"बरं," ती जिबेककडे वळून म्हणाली. "एजेके, हा झरा म्हणजे हिमनदीचंच पाणी ना? जमिनीखालून आलेलं?"

"हो," जिबेक म्हणाली. "त्याच हिमनदीचं."

पुढे तळं आलं आणि धडा संपला. म्हणजे संपला असं सगळ्यांना वाटलं. बेकबोसून आभार मानायला उठला, तेवढ्यात पत्र्याची बाई पुन्हा बोलली. माझी दुवा! जिबेकने तीही टंकली होती. मोठ्या माणसाची दुवा पुसायची हिंमत आमच्याकडची कुठली पोर करणार?

"तुझा रस्ता मोकळा असो. पायाला दगड न लागो. जाशील तिथे लोक तुला मानाच्या जागी बसवोत. मी नसेन तेव्हाही तुझ्या शेजारी कोणीतरी असो."

आधी म्हाताऱ्यांचे हात वर आले, सवयीने, ओंजळ पसरून. मग आयाबायांचे, पोरांचे. बेकबोसून उभ्या उभ्या हात पसरून. कुलुइपाने पेन खाली ठेवलं आणि तिनेही पसरले. जिल्ह्याचे दोन्ही गप्प पुरुषही. एक म्हातारा शेजारच्याला कुजबुजला, "अरे, भोंग्याची दुवा लागते का?" शेजारचा म्हणाला, "आधी ओमीन म्हण, मग भांडू."

"ओमीन," सगळे म्हणाले आणि हात चेहऱ्यावरून फिरवले.

माझे हात मांडीवरच होते. माझीच दुवा, त्या मेलीच्या तोंडून, आणि ओमीन मी म्हणायचं? अडलंय माझं खेटर. पण पोरीसाठी होती ना ती. आपल्या रुसव्यामुळे एक ओमीन कमी पडला आणि दुवा अर्धीच लागली तर? सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटीच, उशिरा, घोगऱ्या आवाजात मी म्हटलं, "ओमीन."

सेझिमने झटकन मान वळवली. थेट माझ्याकडे, एवढ्या माणसांतून.

"आपा, तू होतीस इथे?"

मी तरीही गप्प. काय भरवसा, जिल्ह्याची माणसं.

"ह्या आपा का?" कुलुइपाने बेकबोसूनला विचारलं. "वर्णनं कुणाची?"

"यांचीच."

ती माझ्याकडे वळली. "चित्र अडलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं त्यात काय आहे?"

"मीच होते त्यात," मी म्हटलं. "माहीत नसायला काय झालं?"

"आणि गप्प बसलात."

"बसले. तुमच्यामुळे. माझा रुमाल चावून फाटलाय बघा."

तिने हसू आवरलं. मग बेकबोसूनला म्हणाली, मुलगी अडलं की स्वतः विचारते आणि वर्ग तिला सांगतो, याला मी मदतनीस म्हणत नाही. इथेच राहू दे. शेजारी मोठं माणूस मात्र आता नको. शेवटचं वाक्य बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

आम्ही दोघी घरी निघालो. वारा सुटला होता. पुलापाशी सेझिम थांबली.

"आपा, जारकिन म्हणाली तसा हात धर ना."

"चल गुमान. थंडी आहे."

"धर ना."

धरला. तिने माझं मनगट पकडून हात कानापासून दूर नेला. वारा आत शिरला. पुन्हा जवळ आणला. वारा थांबला. पुन्हा दूर, पुन्हा जवळ.

"सगळीकडे धरायचीस?"

"मग काय, कान गोठवायचे तुझे?"

"सांगितलं नाहीस कधी."

"त्यात काय सांगायचंय?"

तिने माझा हात पुन्हा कानाजवळ ओढला. मग म्हणाली, "मला वाटायचं, झऱ्यापाशी वाराच नसतो."

सोमवारी मी सवयीने डबा घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. खिडकीतून दिसलं, माझ्या खुर्चीवर जारकिन बसली होती. पोक काढून, मेली.